कमठाण्याचा सवाल

कर्नाटकातल्या चिटगुप्प्याच्या अंकुशरावांचं आयुष्य एकंदरीत बरं गेलं, हे त्यांना स्वतःलाही मान्य होतं. बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून नोकरी झाली, डोक्यावर छप्पर झालं, मुलगी पल्लवी शिकून हैदराबादला कामाला लागली, आणि पेन्शन वेळच्या वेळी येत होती. तक्रारीला जागा नव्हती. फक्त एक जवाब ऐकायचा राहून गेला होता, आणि तो सख्ख्या मेव्हण्याच्या घशात अडकून बसला होता.

हा जवाब म्हणजे काय ते आधी सांगितलं पाहिजे. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात दोन पार्ट्या समोरासमोर बसतात. एक पार्टी डफावर सवाल टाकते, दुसरीनं डफावरच त्याचा जवाब द्यायचा. जवाब आला तर टोप्या उडतात. नाही आला तर डफ खाली ठेवायचा आणि मान खाली घालून घरची वाट धरायची. अंकुशराव तरुणपणी कमठाण्याला मुलगी बघायला गेले, त्या दिवशी गावात जत्रा होती आणि मंडपात असाच सामना रंगला होता. तुऱ्याच्या बाजूला हुमनाबादकडचे कल्लप्पा होते आणि कलगीच्या बाजूला खुद्द मुलीचा थोरला भाऊ पिराजी. कल्लप्पांनी मिशीवरून हात फिरवून सवाल टाकला:

आई न्हाई, बाप न्हाई, जल्मला एकला,
दोघांच्या मधी बसून दोघांचाबी झाला,
धरू जाता घावंना, सोडू जाता सुटंना,
सांग शाहिरा त्याचं गाव, न्हाईतर डफ खाली ठेव.

पिराजीनं डफ शेकोटीवर शेकला, कानाशी नेऊन बोटानं वाजवून बघितला, तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच वेळी अंकुशरावांच्या वडिलांनी त्यांचं बखोट धरलं. शेवटची बस सुटायला आली होती. होणाऱ्या सासुरवाडीत पहिल्याच दिवशी मुक्काम करणं बरं दिसत नाही, असं वडिलांचं मत होतं. बाप-लेक धावत वेशीपाशी पोचले तेव्हा मागं मंडपातून अख्ख्या गावाची आरोळी उठली. मुलगी अंकुशरावांना मिळाली, जवाब काही मिळाला नाही.

लग्नानंतर नवरा बायकोला पहिल्यांदा काय विचारतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. अंकुशरावांनी शकुबाईला विचारलं, "तुझ्या दादानं त्या दिवशी काय जवाब दिला?"

"त्ये बोलून सांगत न्हाईत," शकुबाई म्हणाली. "डफावर सवाल पडल्याबिगर कलगीच्या घरातनं जवाब निघत न्हाई. गुरूची आण हाय."

नवी नवरी आहे, आठवड्याभरात सांगेल, असं अंकुशरावांना वाटलं. त्या आठवड्याची चाळिशी उलटली. पिराजी दाजींवर जीव टाकणारा माणूस. पहिली तूर दाजींच्या घरी, पहिली ज्वारी दाजींच्या घरी. पण जवाबाचा विषय निघाला की म्हणायचा, "सवाल पडू द्या की दाजी, मग बघा." आणि सवाल टाकणारे कल्लप्पा तर पार्टी मोडून कलबुर्गीला मुलाकडे जाऊन राहिलेले. कमठाण्यात ज्यांनी तो जवाब ऐकला होता त्यांच्याकडेही अंकुशरावांनी चौकशी करून पाहिली. 'असा जवाब पुन्हा होणे नाही' यावर सगळ्यांचं एकमत होतं. तो काय होता, यावर मात्र दोघांचं जुळत नव्हतं.

आणि अशात अंकुशरावांचे कान जायला लागले.

बिदरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डावा कान गेलाच आहे, उजवा जाण्याच्या तयारीत आहे. मशीन लावलं की बोलणं कळेल, पण गाण्याचं काही खरं नाही. मशीनमधून गाणं म्हणजे पत्रा बडवल्यासारखं ऐकू येतं. गाण्याबिण्याची आवड असेल तर लवकर ऐकून घ्या, असं ते आंबे संपायच्या आत खाऊन घ्या म्हणावं तितक्या सहज म्हणाले. घरी आल्यावर चप्पलही न काढता अंकुशराव शकुबाईला म्हणाले, "मला तो जवाब ऐकायचाय. ह्या कानानं." एरवी ती या विषयावर हसायची. त्या दिवशी हसली नाही. तिनं आत जाऊन भावाला फोन लावला.

बेत अगदी लहान होता. घरापुढच्या अंगणात दोन चटया टाकायच्या, कल्लप्पांना कलबुर्गीहून आणायचं, पिराजीला कमठाण्याहून. दोघांच्या मागे एक तुणतुणं, एक झांज. सवाल पडेल, जवाब निघेल, वर चहा-चिवडा. कल्लप्पा तर फोनवर लगेच तयार झाले. सवाल टाक म्हणून मला कुणी विचारलंच नव्हतं, असं ते म्हणाले. पिराजीला दम्यानं धरलं होतं, तरी तोही म्हणाला की दाजींसाठी एकदा डफ हातात घेतो. म्हणजे येत्या रविवारी हे सगळं उरकलं असतं आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पण शेजारी सुनीलकुमार राहत होते.

सुनीलकुमार तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते, मात्र तहसील कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. परवानगीशिवाय माणसानं शिंकू नये, अशा मताचे ते गृहस्थ. कुंपणावरून त्यांनी बेत ऐकला आणि दुःखानं मान हलवली. डफ वाजणार म्हणजे आवाज होणार, आवाज होणार म्हणजे माणसं जमणार, माणसं जमणार म्हणजे पोलीस येणार. तेव्हा आपणच आधी पोलिसांकडे गेलेलं काय वाईट, असा त्यांचा मुद्दा होता. अंकुशराव जन्मभर नियमानं वागलेले. त्यांना मुद्दा पटला. अर्जही सुनीलकुमारांनीच उत्साहानं लिहून दिला.

घात त्या अर्जानं केला. त्यात सुनीलकुमारांनी आपल्या कचेरीच्या सवयीनं लिहिलं होतं की, 'दोन गटांमध्ये बऱ्याच वर्षांपासून प्रलंबित असलेल्या प्रश्नाचा जाहीर निकाल लावण्याचे योजिले आहे.' ठाण्यातल्या साहेबांनी त्याचं कन्नड करून घेतलं, दोनदा वाचलं, आणि विचारलं की दोन्ही गटांनी शांततेचा जामीन दिला आहे का. अंकुशरावांनी सांगून पाहिलं की एक गट दम्यानं आजारी आहे आणि दुसऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. साहेब म्हणाले, तरीपण नगरपालिकेचं पत्र आणा. नगरपालिका म्हणाली, घरापुढचं अंगण रस्त्याला लागून आहे, तिथं नको, मैदानात घ्या. मैदानासाठी बिदरच्या संस्कृती खात्याच्या कार्यालयाचं पत्र लागत होतं. तिथल्या मॅडम मात्र फार चांगल्या निघाल्या, आणि चांगली माणसं निघाली की खर्चात आणि वेळेत वाढ होते हा अनुभव जुनाच आहे. त्या म्हणाल्या, एवढी जुनी कला, आणि अंगणात कशाला? सीमाभागाचा जानपद, म्हणजे लोककलांचा, उत्सव करा; मंडप आम्ही देतो, आवाजाची यंत्रणा आम्ही देतो. फक्त उत्सव म्हटलं की एकाच कलेवर भागत नाही. शिवाय निम्म्याहून अधिक कार्यक्रम कन्नड हवा. अंकुशराव म्हणाले की कल्लप्पा एकाच कडव्यात अर्धं कन्नड, अर्धं मराठी गातात. मॅडमनी विचार करून त्यांना अर्धं धरलं.

अशा रीतीनं दोन चटयांचा उत्सव झाला. त्यात कन्नड ढोलांचा डोळ्ळू आला, लेझीम आलं, शाळेतल्या मुलींचा नाच आला, दोन भजनी मंडळं एकमेकांवर रुसून वेगवेगळी आली, आणि नगरपालिकेतल्या कुणाचा तरी भाचा शिट्टीवर गाणी वाजवत असे, तोही आला. श्रावणात ठरलेला रविवार दसऱ्यावर गेला, दसऱ्याचा दिवाळीनंतर, दिवाळीनंतरचा संक्रांतीपार.

कान मात्र कुणाच्या परवानगीसाठी थांबले नव्हते. आधी अंगणातल्या चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी गेली, आणि शकुबाईला दोनदा करपलेली डाळ फेकावी लागली. अंकुशराव रोज सकाळी उठून पितळेच्या तांब्यावर चमचा मारून उजवा कान तपासत. ऐकू आलं की त्यांचा दिवस चांगला जाई. आवाज तेवढाच यावा म्हणून ते थोडं थोडं जोरात मारू लागले, आणि हे त्यांनी स्वतःपासूनही लपवून ठेवलं. तांब्याला पोचे पडत होते. शकुबाईला ते दिसत होते, पण माहेरच्या तांब्याची ही दशा पाहूनही ती तो रोज घासून परत जागेवर ठेवायची. पल्लवीनं हैदराबादहून भारीतलं मशीन पाठवलं. ते कानात घातलं की बोलणं खरोखर कळायचं, आणि भजन लागलं की डॉक्टर म्हणाले होते तसा पत्रा बडवायला सुरुवात व्हायची. मुलीला ते रोज फोनवर सांगत, मशीन फार छान आहे.

दरम्यान सवाल गावभर झाला होता, आणि जो तो आपला जवाब घेऊन यायचा. सुनीलकुमारांच्या मते तो सरळसरळ शेताचा बांध होता. दोघांच्या मधे बसतो, दोघांचाही असतो, धरता येत नाही, सोडवत नाही, आणि त्याचं गाव म्हणजे जिल्हा न्यायालय. पल्लवीनं फोनमध्ये शोधून 'सावली' असा जवाब काढला. निवृत्त हेडमास्तर भीमराज म्हणाले, तो आपली बोली असेल. दोन राज्यांच्या मधे बसलीय आणि दोन्हीकडचे म्हणतात, ही आमची नव्हं. शकुबाई सगळ्यांना चहा द्यायची आणि चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही.

भीमराज हे या सगळ्यातले एकटे शहाणे गृहस्थ. त्यांच्या घरात गाणं होतं. वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे, त्यामुळे सामना म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. एक दिवस ते आले, अंकुशरावांच्या उजव्या बाजूला बसले आणि म्हणाले, "अंकुशराव, हे सगळं राहू द्या. उद्या सकाळी माझ्या गाडीत बसा. कल्लप्पाअण्णांना घेऊ, कमठाण्याला जाऊ. शेतात चिंचेखाली बसू. तासाभरात तुमचा जवाब तुमच्या कानात. उत्सव मागनं होत राहील."

म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण कालच निमंत्रणपत्रिका छापून आली होती. वर कन्नड, खाली मराठी, आणि दोन्हीकडे ठळक अक्षरांत 'संयोजक: श्री. अंकुशराव'. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गावांची नावं पुकारली होती. स्वतःचं नाव कागदावर इतक्या मोठ्या अक्षरांत त्यांनी कधी बघितलं नव्हतं. शिवाय जवाब आधीच निघाला तर मैदानातला सवाल शिळा होणार, आणि शिळ्या सवालाला बोलावलं म्हणून लोक काय म्हणतील.

"आता कामून मागं सरायचं मास्तर," ते म्हणाले. "थोडंच राहिलंय."

भीमराजांनी पत्रिकेकडे पाहिलं, अंकुशरावांकडे पाहिलं आणि चप्पल पायात घातली.

उत्सवाचा दिवस उजाडला. परवानगी दुपारी चार ते संध्याकाळी सात अशी होती. मैदानात मंडप पडला होता, खुर्च्या लागल्या होत्या, आणि व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर लोकांकडे तोंड करून उभे होते. अंकुशरावांनी आपली जागा आधीच हेरून ठेवली होती. पहिल्या रांगेत मधोमध, पिराजी उभा राहील त्याच्या बरोबर समोर, उजवा कान पुढं करून. त्या खुर्चीवर त्यांनी सकाळीच रुमाल टाकून ठेवला होता.

डोळ्ळू झाला, लेझीम झालं, शिट्टीवाला भाचा अपेक्षेपेक्षा लांबला. आणि मग अध्यक्ष येत नसल्याचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे कुणी मोठे पुढारी होते; त्यांना दुसरीकडे लग्न लागलं होतं, म्हणजे दुसऱ्याचं. सुनीलकुमारांचा चेहरा उतरला. अध्यक्षाशिवाय कार्यक्रम म्हणजे शिक्क्याशिवाय दाखला. व्यासपीठावरची उंच पाठीची खुर्ची रिकामी ठेवता येत नव्हती. कुणीतरी म्हणालं, संयोजकांनाच बसवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंकुशरावांनी नको नको म्हटलं, दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. पण तोवर ते पायऱ्या चढत होते, आणि छाती थोडी पुढं आली होती, खोटं कशाला सांगा.

खुर्चीवर बसल्याबसल्या त्यांच्या पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की सगळे स्पीकर त्यांच्याकडे पाठ करून उभे आहेत. ही चूक कशी निस्तरावी याचा विचार करीपर्यंत सत्कार सुरू झाले. आपल्याकडे सत्कार एकदा सुरू झाले की ज्याचा करायचा राहिला असा माणूस मंडपात उरत नाही. शाली झाल्या, नारळ झाले, मांडववाल्याचाही झाला. शेवटी अध्यक्षांचा सत्कार पुकारला गेला आणि फेटा बांधायला कल्लप्पा स्वतः उठले. काठी बाजूला ठेवून, गुडघ्याचं दुखणं विसरून ते आले, आणि म्हणाले की तुरा ज्या फेट्यावर लागतो तो फेटा दुसऱ्या कुणाच्या हाताचा नको. त्यांचा हात जुन्या वळणाचा. फेटा डोक्यावरून घेतला, कानांवरून घेतला, पुन्हा कानांवरून घेतला आणि पीळ देऊन असा आवळला की अंकुशरावांच्या डोळ्यांच्या कडा वर चढल्या.

बोलणं कळावं म्हणून घातलेलं मशीन सामन्याच्या वेळी काढायचं ठरलं होतं; फेट्याच्या दाबानं ते आत शिट्टी वाजवू लागलं. अंकुशरावांना ती ऐकू येत नव्हती. समोरच्या माइकला मात्र आली, आणि माइकनं ती सगळ्या चिटगुप्प्याला ऐकवली. पहिल्या रांगांनी कानावर हात ठेवले. स्पीकरवाला धावत आला, वायरी हलवून गेला, पुन्हा आला. लोक शिट्टीवाल्या भाच्याकडे रागानं बघू लागले. शेवटी भीमराजांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून खूण केली. अंकुशराव शरमेनं लाल झाले. त्यांनी फेट्याखाली बोट खुपसून मशीन ओढून काढलं, खिशात टाकलं आणि काहीच झालं नसल्यासारखं समोर बघू लागले. आता उजव्या कानावर स्टार्च केलेल्या कापडाचे थर होते, आणि समोर कलगी-तुऱ्याचा सामना उभा राहत होता.

कल्लप्पांनी सवाल टाकला. तो अंकुशरावांना ऐकू यायची गरजच नव्हती. ओठ हलले तसा शब्द न् शब्द त्यांच्या आत वाजत गेला. घावंना, सुटंना, डफ खाली ठेव. मग पिराजी उठला. तो किती वाळलाय हे त्यांना त्या दिवशीच दिसलं. त्यानं डफ कानाशी नेला, बोटानं वाजवून बघितला आणि तोंड उघडलं. या वेळी बखोट धरायला कुणी नव्हतं.

अंकुशरावांना ऐकू आलं ते एवढंच: लांब कुठंतरी स्टँडवर एखादी गाडी इंजिन चालू ठेवून उभी आहे. त्यांनी फेट्याच्या कडेखाली दोन बोटं घातली. गाडी थोडी जवळ आली, बाकी काही नाही. फेटा काढून टाकावा असं त्यांच्या मनात आलं. तेवढंच करायचं होतं. पण मानाचा फेटा ज्यानं बांधला त्याच्या समोर उतरवणं म्हणजे त्याचा हातच झिडकारणं, आणि बांधणारे कल्लप्पा शेजारीच बसले होते. सवाल टाकून झाल्यावर ते समाधानानं एकदा पिराजीकडे बघत होते आणि एकदा त्या फेट्याकडे. अंकुशरावांनी हात खाली घेतला.

मग ते नुसते बघत राहिले. पिराजी गात होता, थांबत होता, छातीला हात लावून दम घेत होता, पुन्हा गात होता. एका ठिकाणी तो खाली बसला, दोन्ही हातांची ओंजळ जमिनीजवळ नेली, काहीतरी अलगद उचललं आणि ती ओंजळ कल्लप्पांच्या पुढं धरली. कल्लप्पांच्या डोळ्यांना पाणी आलं. पहिल्या रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं रडत असावा, कारण त्याची बायको त्याला धरून होती. मग टोप्या उडाल्या. बायकांच्या बाजूला शकुबाई बसली होती. सगळ्या मैदानात ती एकटीच पिराजीकडे बघत नव्हती. ती अंकुशरावांकडे बघत होती. तिला दिसावं म्हणून त्यांनी मान डोलावली, आणि ताल चुकला नसेल अशी आशा केली.

पिराजीनं डफ कपाळाला लावला आणि खाली ठेवला. माइकवर तो काहीतरी बोलला. कल्लप्पांनी अंकुशरावांचा हात धरला, तोंड फेट्याला लावून ओरडले, "आता पुन्यांदा गाणार न्हाई म्हणायलाय त्यो. तुमच्यासाठी उभारला म्हणं, ह्येच शेवटचं. झालं न्हवं दाजी मनासारखं? ऐकलाव न्हवं?"

तिथं अजून एक वाट मोकळी होती. ऐकू आलं नाही, एवढं म्हटलं असतं तर कदाचित पिराजीनं त्या तशा छातीनिशी पुन्हा डफ उचललाही असता. पण कल्लप्पा कलबुर्गीहून गुडघा सांभाळत आले होते. लोकांनी टोप्या उडवल्या होत्या. सुनीलकुमार घड्याळाकडे बोट दाखवत होते आणि मंडपाच्या दाराशी पोलीस उभा होता. आणि काय सांगणार? की ज्या फेट्यानं मान दिला त्यानंच कान घेतले?

"व्हय," अंकुशराव म्हणाले. "पोटभर ऐकलो."

त्यांच्यापुढं अध्यक्षीय भाषण होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले की असा जवाब पुन्हा होणे नाही. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या असाव्यात. हात तरी सगळ्यांचे हलत होते.

घरी आल्यावरही लोक येत राहिले. सुनीलकुमारांनी कार्यक्रम नियमात पार पडल्याबद्दल स्वतःचं अभिनंदन करून घेतलं. भीमराज आले, अंकुशरावांच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि चहा न घेता गेले. पिराजी आणि कल्लप्पा एकाच जीपमधून परत निघाले. जाताना पिराजीनं दाजींच्या पायाला हात लावला आणि अंकुशरावांना त्याच्याकडे नीट बघवेना. हा माणूस परत गाणार नाही. ज्या एका माणसासाठी तो गायला, तो समोर खांबासारखा बसून नुसती मान हलवत होता. अंकुशरावांना जिवापाड वाईट वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय उरली नव्हती.

रात्र चढली. सगळे गेल्यावर शकुबाईनं दार लावून घेतलं. अंकुशराव खाटेवर बसले होते. तिनं त्यांच्या मागं उभं राहून फेट्याचे पीळ एकेक करून सोडवले. कान लाल झाले होते. खिशातलं मशीन काढून तिनं पदरानं पुसलं, त्यांच्या उजव्या कानात बसवलं, आणि त्याच बाजूला टेकून बसली. बसली ती इतकी जवळ की तिचा श्वास त्यांच्या गालाला लागत होता.

ती कशासाठी बसली आहे हे अंकुशरावांना कळलं. तिनं मैदानात सगळं बघितलं होतं. गुरूची आण, माहेरची शपथ, जे काही होतं ते मोडून ती आज जवाब बोलून सांगायला बसली होती. इतकी वर्षं याच एका गोष्टीसाठी त्यांनी तिच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. आता नुसती मान हलवली असती तरी तिनं सांगितलं असतं. पण ती मान हलवणं म्हणजे पिराजीचं शेवटचं गाणं वाया गेलं, असं तिच्याच समोर कबूल करणं होतं. तिचा भाऊ होता तो.

"ऐकलाव न्हवं?" ती म्हणाली.

"म्हणजे काय. शब्द न् शब्द."

शकुबाईनं सोडवलेल्या फेट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग सांगा बघू. काय म्हणला दादा?"

अंकुशरावांनी भिंतीकडे बघितलं. दोन माणसांच्या मधे बसणारी, दोघांचीही असणारी वस्तू त्यांना त्या खोलीत शोधायची होती, आणि ती फार लांब नव्हती.

"अबोला," ते म्हणाले. "त्याला आई न्हाई, बाप न्हाई. दोघांच्या मधी बसतो, दोघांचा होतो. धरावं म्हणलं तर हातात येत न्हाई, सोडावं म्हणलं तर सुटत न्हाई."

"आणि त्याचं गाव?"

"आपलं घर."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. पिराजीनं ओंजळीत जे उचललं होतं ते काही अबोला नव्हतं. अबोला असा कुणी अलगद उचलून दुसऱ्याच्या पुढं धरत नाही, आणि त्यानं कुणाच्या टोप्या उडत नाहीत. एवढं अंकुशरावांनाही समजत होतं. आता ती हसेल, नाहीतर रडेल, असं त्यांना वाटलं.

"व्हय," शकुबाई म्हणाली. "ह्येच म्हणला दादा."

कलगीच्या घरातली बाई जवाबाच्या बाबतीत खोटं बोलली होती. अंकुशरावांना ते पहिल्याच वेळी स्पष्ट ऐकू आलं होतं. तरीही त्यांनी कान पुढं केला, आणि तिनं तेच वाक्य त्यांच्यासाठी पुन्हा एकदा, सावकाश म्हटलं.